नॅकनेक : होड्या अजून जमिनीवरच

मंगळवार, 28 मे 2024

अँकरेजला विमान बदलताना किंग सॅमन या गावच्या विमानाच्या गेटपाशी जी गर्दी दिसली, तिच्यातल्या बहुतेकांच्या पायात गुडघ्यापर्यंतचे तपकिरी रबरी बूट होते. सामानात सुटकेस कमी आणि खोकी जास्त. पाण्याचा पंप, इंजिनाचे फिल्टर, दोराची भेंडोळी, आणि एका खोक्यावर मार्करनं लिहिलेलं ‘फक्त कॉफी’. माझ्या बॅगेत कोकमं, आईनं पाठवलेला मसाला आणि नारळाच्या दुधाचे डबे. वजनाच्या काट्यावर मी सगळ्यांत हलकी निघाले.

आमचा सिएटलचा शेजारी हिवाळाभर हायस्कुलात गणित शिकवतो आणि जून-जुलैत अलास्कातल्या ब्रिस्टल बेमध्ये सॅमन धरतो. असे मास्तर इथे बरेच आहेत, कारण शाळेची सुट्टी आणि माशाचा हंगाम एकाच वेळी येतात. मी त्याला तांडेल म्हणते, आम्ही कोळी होडीच्या प्रमुखाला म्हणतो तसं. मी अलिबागजवळच्या वरसोलीच्या कोळीवाड्यातली. जाळी सुकत घातलेल्या अंगणात वाढले, पण होडीवर पाऊल ठेवायची वेळ क्वचितच आली, कारण आमच्याकडे बायका मासा विकतात, धरत नाहीत. गेल्या हिवाळ्यात तांडेलच्या गॅरेजमध्ये जाळ्याची सुई दिसली आणि माझं डोकं फिरलं. मे संपताना होडी तयार करायला हात लागतील का, असं विचारलं. तो म्हणाला, रंग लावता येतो का? तेवढ्यावर ठरलं.

किंग सॅमनपर्यंत गाडीरस्ता नाही. अलास्काच्या नैऋत्येचा हा भाग विमानानं, आणि माल आणायला उन्हाळ्यात बार्जनं, एवढाच बाहेरच्या जगाशी जोडलेला. विमानतळापासून नॅकनेकपर्यंत साधारण पंधरा मैलांचा एकच रस्ता आहे आणि तो पुढे कुठेही जात नाही. नॅकनेकची वस्ती 2020 च्या जनगणनेत पाचशेच्याही आत भरली होती. जूनच्या मध्यापर्यंत इथे हजारो माणसं उतरतात: खलाशी, फॅक्टरीतले कामगार, वेल्डर, जाळी दुरुस्त करणारे. महिना-दीड महिना राहतात आणि ऑगस्ट लागेपर्यंत नाहीशी होतात.

रात्री नऊ वाजता यार्डात पोचलो तर लख्ख ऊन. आणि होड्या! नजर जाईल तिथपर्यंत होड्या, सगळ्या लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या. एवढ्या होड्या एकत्र मी ससून डॉकलासुद्धा पाहिल्या नसतील, पण तिथे त्या पाण्यात असतात. इथे खाली चिखल, वर होड्या, आणि शिड्या लावून वर-खाली करणारी माणसं.

बुधवार, 29 मे

ताडपत्री काढली. आत एका हिवाळ्यानं काय केलं होतं त्याची यादी तांडेलनं खडूनं केबिनच्या दारावरच लिहायला घेतली. दोन बॅटऱ्या मेलेल्या. खिडकीच्या रबरातून पाणी झिरपून गादीला बुरशी. कुठल्या तरी उंदरानं वायरी खाल्लेल्या. यादी दारावर मावेना, तेव्हा ती भिंतीवर उतरली.

होडी ॲल्युमिनियमची, 32 फूट लांब. इथल्या सगळ्या होड्या 32 फुटांच्याच, एक इंच जास्त नाही, कारण कायदाच तसा आहे. या खाडीत 1951 पर्यंत इंजिनाच्या होडीनं व्यापारी सॅमन धरायला बंदी होती. शिडाच्या होड्या, दोन माणसं, हातानं जाळं ओढायचं. जग इंजिनावर गेल्यावरही इथे शिडं टिकली याचं एक मोठं कारण असं सांगतात की होड्या कॅनरीवाल्यांच्या, म्हणजे मासा डब्यांत भरणाऱ्या कारखानदारांच्या, मालकीच्या होत्या आणि त्यांना शिडं स्वस्त पडत. बंदी उठली, पण लांबीची मर्यादा राहिली. मग माणसानं काय केलं? लांबी बांधली, तर रुंदी वाढवली. आता काही नव्या होड्या सोळा फूट रुंद आहेत. समोरून पाहिलं तर पाण्यावर चालणारी दोन खोल्यांची चाळ. शेजारच्या ठोकळ्यांवर तशीच एक उभी होती. तिचा मालक आमच्या होडीकडे दयेनं पाहत होता.

माझ्या वाट्याला जस्ताचे ठोकळे आले. होडीच्या तळाला, पंख्याजवळ, साबणाच्या वडीएवढे जस्ताचे तुकडे बोल्टनं बसवलेले असतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगवेगळे धातू एकत्र आले की वीज वाहते आणि त्यातला कमजोर धातू झिजतो. ॲल्युमिनियमची होडी झिजू नये म्हणून तिच्याहून कमजोर जस्त पुढे करायचं. ते खाल्लं जातं, होडी वाचते. गेल्या वर्षीचे ठोकळे हातात घेतले तर भोकं पडून अर्धे राहिलेले. बोल्ट गंजलेले, पाना घसरतोय, पाठ चिखलात. दुपारपर्यंत चार बदलले. तांडेल तेवढ्या वेळात इंजिनाच्या पोटात कमरेपर्यंत शिरून तेल बदलत होता आणि फक्त पाय दिसत होते. बोलायचं तर पायांशी बोलायचं.

इंजिनाचं पाणी खेळतं का, गिअरबॉक्स, सुकाणू, जाळं गुंडाळायच्या रिळाचा हायड्रॉलिक पंप, मासा थंड ठेवायचं यंत्र. हे शेवटचं फार महत्त्वाचं. पूर्वी मासा तसाच कोरडा खणात टाकत आणि तो डब्यात जाई. आता तो बहुतेक गोठवून आणि काटे काढून विकला जातो, म्हणून फॅक्टरीवाले थंडगार मासाच मागतात आणि थंड मासा दिला तर पौंडामागे काही सेंट वर देतात. त्यासाठी खणात समुद्राचं पाणी भरून ते शून्याच्या जवळपास आणून ठेवायचं. यंत्र बिघडलं तर मासा विकला जातो, पण कमी भावानं. तांडेल म्हणाला, इंजिन बंद पडलं तर कोणीतरी ओढून आणतं, हे यंत्र बंद पडलं तर माझाच खिसा ओढला जातो.

गुरुवार, 30 मे

पाऊस, आडवा. जाळ्याचा दिवस.

खलाशी पोरगी आज आली. वय एकवीस, ओरेगनच्या कॉलेजात शिकते, हा तिचा तिसरा हंगाम. उंचीनं माझ्याहून कमी, पण दंड पाहिल्यावर मी तिच्याशी अदबीनं बोलायला लागले. दुसरा खलाशी तांडेलचा पुतण्या, तो रविवारी येणार.

शेडमध्ये आडव्या बांबूसारख्या दांड्यावर जाळं टांगलं होतं. कायद्यानं एका परवान्यावर दीडशे वाव जाळं: पन्नास-पन्नास वावांचे तीन तुकडे एकमेकांना जोडून. म्हणजे नऊशे फूट. खोली एकोणतीस आस (आस म्हणजे जाळ्याचं एक घर). नायलॉनचा धागा, फिकट हिरवट, पाण्यात दिसणार नाही असा. ब्रिस्टल बेचं पाणी गढूळ असल्यानं दिवसाढवळ्याही मासा फसतो. वर बोयांचा दोर, खाली शिसं. आमच्याकडे शिशाचे मणी दोराला ठोकतात. इथे शिसं दोराच्या पोटातच भरलेलं असतं, त्यामुळे खालचा दोर कशात अडकत नाही. पाण्यात सोडलं की जाळं भिंतीसारखं उभं राहतं आणि ओढीबरोबर होडीसकट वाहत जातं. मासा डोकं घालतो, पुढे जाता येत नाही, मागे फिरला की धागा कल्ल्यांत बसतो. आस पाच इंचांच्या आसपास, इतकी की साधारण पाच-सहा पौंडांचा सॉकाय, म्हणजे इथला मुख्य लाल सॅमन, बरोबर अडकावा. लहान पार जातो, आणि किंग जातीचा मोठा सॅमन टक्कर देऊन मागे फिरतो किंवा जाळं फाडतो.

फाटकं जाळं दुरुस्त करताना त्या पोरीचे हात मी बराच वेळ पाहत राहिले. सीलनं माशासाठी जाळ्यात तोंड घालून केलेलं भोक, हातभर. आधी तिनं कात्रीनं भोक आणखी मोठं केलं. लोंबते धागे छाटून कडा साफ केल्या, आणि वर एक गाठ अशी ठेवली जिला तीन धागे शिल्लक आहेत. तिथून सुरुवात. सुईवरचा दोरा खाली, पुढच्या आशीच्या टोकात, बोटावर माप, पिळा, खेच. ओळ संपली की उलट. शेवट पुन्हा तीन धाग्यांच्या गाठीवरच आला पाहिजे. नाही आला तर कुठेतरी एक आस चुकली आहे आणि उसवायला घ्या. तिचा शेवट बरोबर आला. माझे बाबा पडवीत बसून हेच करत, आणि मी जवळ गेले की सुई मागे लपवत. डोळ्यात जाईल म्हणून, असं ते सांगत. खरं कारण वेगळं होतं, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

पोरीनं सुई माझ्या हातात दिली. प्लास्टिकची, हिरवी, जिभेसारखं मधलं टोक असलेली. बाबांची बांबूची होती. बाकी घडण तीच.

मला भोकं भरू दिली नाहीत, ते योग्यच. मला बोयांच्या दोरावर नवं जाळं बांधायचं काम मिळालं. हे ताणून बांधत नाहीत. दोराच्या लांबीच्या जवळपास दुप्पट जाळं त्यात चुण्या घालून बसवायचं, म्हणजे आस चौकटीसारखी उघडी राहते. दोन बोयांच्या मध्ये ठरावीक आशी मोजून एका गाठीत घ्यायच्या, दोन वेढे, आवळ. पुन्हा मोज. एक आस कमी-जास्त झाली की जाळं पाण्यात तिरकं लटकतं आणि मासा त्याला वळसा घालून जातो. संध्याकाळपर्यंत बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. त्यावर पोरीनं चिकटपट्टी गुंडाळून दिली आणि म्हणाली की मासा सोडवताना यापेक्षा वाईट होतं. हंगामात दोन आठवडे सकाळी उठलं की मूठ उघडत नाही, कोमट पाण्यात धरून उघडावी लागते.

शुक्रवार, 31 मे

किराणा. नॅकनेकच्या दुकानात भाव सिएटलच्या दुपटीच्या आसपास, त्यामुळे कोरडा माल तांडेलनं एप्रिलमध्येच बार्जनं पाठवला होता. आज फक्त अंडी, बटाटे, कांदे. एकदा हंगाम लागला की चार-चार दिवस किनाऱ्याला लागत नाहीत. मासा उचलायला मोठं जहाज खाडीतच येतं, क्रेननं खणातल्या पिशव्या उचलून वजन करतं, पावती देतं, आणि डिझेल-पाणीही तेच देतं.

रात्री साडेनऊला, उजेडातच, बाबांना फोन लावला. तिकडे 1 जूनची सकाळ, अकरा वाजलेले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आजपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी. मागे भावाचा आवाज, होडी वर ओढायची गडबड. म्हणजे त्यांची होडी वर चढते आहे आणि इथल्या खाली उतरायच्या तयारीत आहेत.

“जाळं किती वावांचं हाय?” नमस्कार नाही, जेवलीस का नाही.

“दीडशे.”

“येवढंच? आनि आस?”

“पाच इंच. थोडं मागे-पुढे.”

“बरी हाय. होडी कवा टाकतात पान्यात?”

“बुधवारी.”

“गुरवारी आवस. बरोबर हाय, उधान मिलंल.” मग थोडं थांबून, “भाव काय?”

“भाव अजून ठरलेला नाही, बाबा.”

“कवा ठरतो?”

“मासा देऊन झाल्यावर. हंगामाच्या शेवटी शेवटी.”

पलीकडे इतका वेळ शांतता की लाइन तुटली असं वाटलं. मग म्हणाले, “मंग दर्यात जातात कशाला ती लोकं?”

मी म्हटलं, विचारून सांगते.

शनिवार, 1 जून

दुपारपर्यंत खणाला रंग. नंतर तांडेलनं स्वतःहून सुट्टी दिली. तो असं क्वचित करतो म्हणे.

नदीच्या काठावर गेले. नॅकनेक नदीत भरती-ओहोटीचा फरक वीस फुटांहून जास्त: ओहोटीला समोर चिखलाचं मैदान, भरतीला तिथेच जहाजं. पलीकडच्या काठावर साउथ नॅकनेक, मध्ये पूल नाही. तिथे जुन्या कॅनरीची लाल छपरं दिसतात. अलास्का पॅकर्स असोसिएशन या 1893 साली उभ्या राहिलेल्या कंपनीची ती कॅनरी. माणसं, पत्रा, मीठ, डब्यांचं सामान सगळं कॅलिफोर्नियाहून शिडाच्या जहाजांतून यायचं, आणि शरद ऋतूत भरलेले डबे घेऊन तीच जहाजं परत जायची. कंपनीनं आपल्या लोखंडी जहाजांना ‘स्टार ऑफ’ अशी नावं दिली. त्यातलं एक ‘स्टार ऑफ इंडिया’. 1863 साली आयल ऑफ मॅनवर बांधलेलं, मूळ नाव ‘युटर्पी’. सुरुवातीला खरोखरच हिंदुस्थानच्या फेऱ्या करणारं. मग न्यूझीलंडला वसाहतवाले नेले, आणि 1901 पासून सॅमनच्या धंद्यात. 1906 साली नाव बदललं, 1923 साली निवृत्त झालं. आज ते सॅन डिएगोच्या धक्क्याला संग्रहालय म्हणून उभं आहे. मी ते पाहिलंय, सेल्फीही काढलाय, आणि तेव्हा त्याचा माशाशी काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

कॅनरीत डबे भरायला आधी चिनी, नंतर फिलिपिनो आणि मेक्सिकन कामगार. त्यांच्या झोपायच्या बराकी वेगळ्या, जेवणाच्या खोल्या वेगळ्या. आणि इथले मूळचे लोक, युपिक, अलुटिक, देनायना, यांच्या नद्यांवर हे सगळं उभं राहिलेलं. फ्लूची जागतिक साथ इथे 1919 च्या वसंतात पोचली, नेमकी जहाजं येण्याच्या सुमारास. गावंच्या गावं ओस पडली. उरलेल्या अनाथ पोरांना कॅनरीच्या दवाखान्यांत सांभाळलं गेलं. आज ब्रिस्टल बेमधली बरीच कुटुंबं आपला वंश त्या पोरांपर्यंत नेऊन सांगतात. गावात रशियन ऑर्थोडॉक्स चर्च आहे; 1867 पर्यंत अलास्का रशियाचं होतं, त्याची खूण.

किनाऱ्यावर एक आजी धुरीघराची छपराची फळी बदलत होती. धंद्याच्या हंगामाआधी घरच्यासाठी पहिला किंग येतो, त्याच्या लांब पट्ट्या कापून इथे धुरावर टांगतात. तिनं गेल्या वर्षीची एक पट्टी दिली. चिवट, खारट, तेलकट. चावत चावत यार्डापर्यंत आले.

रविवार, 2 जून

पुतण्या आला. तांडेलच्या फ्रीजरमध्ये उरलेला गेल्या हंगामाचा सॉकाय मी नारळाचं दूध, मसाला आणि कोकम घालून केला. लाल भडक मासा लाल आमटीत दिसेनासा झाला. सॉकायला तेल भरपूर असतं, त्यामुळे कोकम नेहमीपेक्षा दुप्पट लागलं. पुतण्यानं तीनदा घेतलं आणि मग नाक पुसत अर्धा लिटर दूध प्याला. बाकी दिवस वायरी जोडण्यात गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सोमवार, 3 जून

बाबांचा प्रश्न आज तांडेलला विचारला. तो जाळ्याच्या ढिगावर बसून हसला, मग गणिताच्या मास्तरसारखा जमिनीवर काडीनं आकडे काढायला लागला.

2022 साली ब्रिस्टल बेमध्ये 7 कोटी 90 लाखांच्या आसपास सॉकाय परतला, नोंदी ठेवल्या जातात तेव्हापासूनचा उच्चांक. त्यातला साधारण 6 कोटी मासा धरला गेला. भाव पौंडाला एक डॉलर 15 सेंट. सगळे खूश. पण तेवढा मासा जगानं लगेच खाल्ला नाही. तो गोदामांत पडून राहिला, व्याजाचे दर चढले, रशियाचा स्वस्त मासा बाजारात होताच. 2023 च्या जुलैत, निम्म्याहून जास्त मासा देऊन झाल्यावर, खरेदीदारांनी भाव जाहीर केला: 50 सेंट. लोकांनी होड्या आणून नदीत निषेध केला. भाव हलला नाही. 1988 साली हाच मासा दोन डॉलरच्या वर गेला होता, आणि तेव्हाच्या डॉलरला आजच्यापेक्षा किंमत होती.

आता धरा, एका होडीनं हंगामात एक लाख पौंड दिला. 2022 च्या भावानं 1 लाख 15 हजार डॉलर, 2023 च्या भावानं 50 हजार. त्यातून दोन खलाशांना प्रत्येकी साधारण दहा टक्के. डिझेल, विमा, यार्डाचं भाडं, जाळी, विमानाची तिकिटं. आणि परवाना. 1973 च्या कायद्यानं इथे परवान्यांची संख्या बांधली. वाहत्या जाळ्याचे अठराशेच्या वर परवाने आहेत, नवे निघत नाहीत, त्यामुळे ते घरासारखे विकले जातात. चांगल्या वर्षांत दोन लाख डॉलरच्या वर. तांडेलला वडिलांकडून मिळाला. शेजारच्या रुंद होडीवाल्यानं चढ्या भावात कर्ज काढून घेतला, आणि पुढच्याच वर्षी 50 सेंट. त्याच्या दयेच्या नजरेचा मला आलेला राग तेवढ्यावर उतरला.

“मग जातोस कशाला?”

“तयारीचा सगळा खर्च मार्चपर्यंतच होऊन जातो,” तो म्हणाला. “इथे आल्यावर घरी बसणं जाण्यापेक्षा महाग.”

मला हे उत्तर पटलं नाही. वरसोलीत दर्यावरून येणारा मासा किनाऱ्यावर लिलावात विकला जातो. कमी मिळेल, जास्त मिळेल, पण मासा हातातून सुटायच्या आधी आकडा कानावर पडतो. इथे मासा आधी जातो. इतकी शिकलेली, इतकी यंत्रं बाळगणारी माणसं हे कसं मान्य करतात, असं मी म्हटलं. पोरगी म्हणाली, मासा थांबत नाही ना. हे मात्र खरं. सॉकायचं पिल्लू तळ्यात एक-दोन वर्षं काढतं, समुद्रात दोन-तीन, आणि परत येतो तेव्हा सगळा मिळून येतो. हंगाम सहा आठवड्यांचा म्हणायचा, पण खरा मासा 4 जुलैच्या मागे-पुढे दोन-अडीच आठवड्यांत. भावावरून भांडत किनाऱ्यावर बसलात तर तेवढ्यात तो तळ्यात पोचलेला असतो.

आणि सगळा धरताही येत नाही. नद्यांच्या काठावर मनोरे आहेत. त्यावर सरकारी मत्स्यखात्याची माणसं बसून नितळ पाण्यातून वर जाणारा मासा मोजतात, प्रत्येक काठावर तासातली दहा मिनिटं, रात्रंदिवस. नॅकनेक नदीत 8 लाख ते 20 लाख, क्विचॅकमध्ये 20 लाख ते 1 कोटी मासा अंडी घालायला वर गेला पाहिजे. मोजणी पुरेशी दिसली की खातं रेडिओवर सांगतं: अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत जाळी टाका. नाही तर हात बांधून बसा. त्याआधीची चाहूल पोर्ट मोलरहून येते. तिथे चाचणीची होडी समुद्रात जाळं टाकून पाहते, आणि तिथला मासा साधारण आठवडाभरानं खाडीत पोचतो. ते आकडे रोज लोक इथे शेअर बाजारासारखे वाचतात. आज संध्याकाळी माझ्या मोबाइलवर आपल्या लोकसभेची मतमोजणी सुरू झाली होती. मी आकडे पाहत बसलेली पाहून पुतण्यानं विचारलं, कुठल्या नदीचे?

यार्डातल्या बऱ्याच गाड्यांवर ‘पेबल’ नावावर लाल फुली मारलेले स्टिकर दिसतात. क्विचॅक आणि नुशागॅक या नद्यांच्या उगमाशी तांबं-सोन्याची प्रचंड खाण काढायचा तो बेत. 2023 च्या जानेवारीत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं त्याला नकार दिला. कोर्टकचेऱ्या चालूच आहेत. भावावरून एकमेकांशी न बोलणारे लोक या स्टिकरवर एक आहेत.

मंगळवार, 4 जून

बुडणाऱ्यांचा सराव. लाल रबरी सूट, पायापासून डोक्यापर्यंत एकसंध, मिनिटाच्या आत चढला पाहिजे. युक्ती अशी की बुटावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवायची, मग पाय सरकन आत जातो. पोरगी चाळीस सेकंदांत उभी. पुतण्याच्या सुटाची चेन मध्येच अडकली आणि तांडेल, जो एरवी विनोद करतो, तो अजिबात हसला नाही. चेनला मेण लाव, पुन्हा कर, म्हणाला. पुन्हा केलं. पुन्हा अडकली. पुन्हा. जेवण थंड होईपर्यंत हे चाललं.

नंतर तपासणी: फुगणारी लाइफ राफ्ट, तिची तारीख, संकटात पेटवायच्या दिव्याच्या गोळ्यांची तारीख, अग्निशामक, पाण्यात पडल्यावर आपोआप उपग्रहाला हाक मारणारं यंत्र. कोस्ट गार्डचा माणूस येऊन स्टिकर लावून गेला. तारीख उलटलेल्या दिव्याच्या गोळ्या त्यानं बाजूला काढायला लावल्या.

बुधवार, 5 जून

भरती सकाळीच. पहाटे ट्रॅक्टरसारखं एक वाहन आलं, त्याच्या मागे हायड्रॉलिकचा ट्रेलर. तो होडीच्या पोटाखाली सरकतो, वर उठतो, ठोकळे मोकळे होतात, आणि दहा महिने जमिनीवर बसलेली होडी डुलत डुलत गल्लीतून चालायला लागते. पुढे-मागे चालत आम्ही विजेच्या तारा सांभाळल्या. रांगेत आमचा नंबर सहावा. प्रत्येकाला भरतीच्या त्याच दोन तासांत पाणी हवं, त्यामुळे शिव्या, हॉर्न, आणि मध्येच एक कुत्रा.

ट्रेलर उतारावरून नदीत मागे गेला. पाणी तळाला लागलं, मग ठोकळ्यांना, मग मी बसवलेल्या जस्तांना. तांडेल आत उतरून तळाची फळी उचलून टॉर्चनं पाहत होता. कुठे पाणी येतंय का? नाही. इंजिन चालू. एकदा काळा धूर, मग नीट. ट्रेलरच्या ड्रायव्हरनं हात केला, होडी सुटली, ओढीनं लगेच बाजूला निघाली आणि पोरीनं नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, दोर फेकला. तो शेजारच्या रुंद होडीवाल्यानं झेलला. नदीत होड्या अशाच एकमेकींना बांधून ठेवतात, सात-सात, आठ-आठ. धक्क्याला जागा कोणालाच पुरत नाही.

आता रिळावर जाळं चढवायचं. लिव्हर दाबला, रीळ फिरलं, पन्नास वावांचा पहिला तुकडा सरसर आत आला. मी बोया एका बाजूला ठेवत होते, पोरगी शिशाचा दोर. दुसऱ्या तुकड्याच्या मध्यावर रीळ थांबलं आणि डेकवर तेलाची चिळकांडी. हायड्रॉलिकचा पाइप जोडापाशी फुटला होता. यादीत तो नव्हता; कुठल्याच यादीत नव्हता.

तांडेलनं एक लांब श्वास घेतला आणि शेजाऱ्याला हाक मारली. रुंद होडीवाला आपल्या खणातून पाइपांची पेटीच घेऊन आला, माप लावून पाहिलं, एक काढून दिला. किती झाले, असं तांडेलनं विचारलं. शेजारी म्हणाला, 50 सेंट. दोघेही खदखदून हसले. मला हसायला वेळ नव्हता. मी चिंध्या घेऊन डेकवरचं तेल नदीत जाऊ नये म्हणून पुसत होते.

दुपारपर्यंत तिसरा तुकडा चढला. माझं विमान चारला. तांडेलनं किंग सॅमनपर्यंत सोडायला एका ओळखीच्याची गाडी मिळवून दिली, कारण त्याला आता खाडीत जाऊन थंड पाण्याचं यंत्र चालवून पाहायचं होतं आणि पुढची ओहोटी लागायच्या आत परत यायचं होतं. निघताना पोरीनं हिरवी सुई आणि धाग्याचं एक रीळ माझ्या बॅगेत टाकलं. विमानतळावर तपासणीत सुई बाहेर काढायला लावली. हे काय, असं बाईनं विचारलं, मी सांगितलं, आणि तिनं तिच्याच भावाच्या होडीचं नाव सांगून ती परत बॅगेत ठेवली.